चहा घेतला का?

कॉम्प्युटर नुसता पडून राहिला की माझा हात आपोआप माऊसकडं जातो. काम असो नसो, मी तो जरासा हलवते आणि पडदा जागा ठेवते. भाची म्हणते, "मावशी, हा काय चाळा लागलाय गं तुझ्या हाताला?" तिला काय सांगणार, कपाळ! पडदा काळा झाला की त्यावर काहीतरी येईल असं मला अजून वाटतं. काय येईल तेही मला ठाऊक आहे.

हे गेले तेव्हा मी तिशीच्या आत होते. हे म्हणजे माझे यजमान. सांगलीत एका दूध संघाच्या कार्यालयात नोकरीला होते. गावोगावच्या डेअऱ्यांकडून दुधाचे आणि फॅटचे आकडे कागदावर यायचे, ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम. अख्ख्या कार्यालयात तेव्हा दोनच कॉम्प्युटर होते. त्यांना स्वतंत्र खोली, खोलीला एसी, आणि दाराबाहेर चपला काढूनच आत जायचं. खाण्यापिण्याचं काही आत न्यायचं नाही अशी पाटी. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. आमच्या घरात देवांनासुद्धा कुणी एवढं जपत नव्हतं.

ह्यांना कावीळ झाली ती ह्यांनी अंगावर काढली. डोळे पिवळेधमक झाल्यावर दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तेल बंद, तूप बंद, चहा बंद केला. तेलतुपाचं सोडा, पण हा माणूस चहावर जगायचा हो. सकाळी कार्यालयात पाऊल टाकलं की साहेबापासून शिपायापर्यंत एकेकाला विचारायचे, "चहा घेतला का?" नमस्कार नाही, काय चाललंय नाही, हेच. घरात मी कडाकडा भांडत असले तरी भांडणाच्या मध्येच विचारायचे. मग मला हसू यायचं आणि भांडण बारगळायचं.

सासूबाई साताऱ्याहून शुश्रूषेला आल्या होत्या. दवाखान्यात खाटेला चिकटून बसायच्या. थर्मासमधून भाताची पेज आणायच्या आणि चमच्याचमच्यानं भरवायच्या. शेवटच्या संध्याकाळी हे त्यांना म्हणाले, "आई, अर्धा कप चहा दे की." त्या म्हणाल्या, "न्हाई बाळा. बरा झालास की पातेलंभर पी, मी आडवायची न्हाई." ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. सकाळी हे गेले.

दहाव्याला साताऱ्याजवळ माहुलीच्या घाटावर कावळा शिवेना. मी बोलून झाले, दीर बोलून झाले, मामा बोलून झाले. कावळे समोरच्या झाडावर बसून नुसते बघत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं. सासूबाई पायरीवर बसून एकच घोकत होत्या, "चहा मागितला हुता गं त्यानं." त्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला. आमच्याकडं माणूस गेल्यावर कुणी गोड सोडतं, कुणी आंबा सोडतं. सासूबाईंनी चहा सोडला, आणि चहाच्या वेळेला स्वयंपाकघरातून उठून बाहेर जायला लागल्या. हळूहळू जेवणही सुटत चाललं. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

मी माहेरी असताना टायपिंग शिकले होते, म्हणून संघानं मला ह्यांच्याच जागेवर घेतलं. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "मेलेल्याच्या खुर्चीत बसू ने पोरी," म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो आई, मग कुठं बसू? आम्हाला मूलबाळ नाही, साताऱ्यात बसून मी करू काय?" रागात म्हटलं. मला पटकन राग येतो, आजही येतो. सांगलीतली भाड्याची खोली मी सोडली नाही.

कार्यालयात मला मॅडम कुणी म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांची वहिनी. ह्यांच्या बरोबरीचे आणि ह्यांच्याहून लहान, ते सगळे माझे भावजी. आणि दिरानं वहिनीची थट्टा करायची हे आमच्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. सुरुवातीला सगळे माझ्याशी हलक्या आवाजात, जणू मी आजारीच आहे असं बोलायचे. मला त्याचा असा संताप यायचा! ते पहिल्यांदा मोडलं आष्ट्याच्या भावजींनी. ते माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचे, रोज आष्ट्याहून एसटीनं येऊन जाऊन करायचे, ह्यांनीच त्यांना काम शिकवलं होतं. कॉम्प्युटरचं मात्र त्यांना ह्यांच्यापेक्षाही जास्त कळायचं.

त्यांनी एके दिवशी माझ्या माऊसच्या पोटातली गोळी काढून खिशात घातली. मी आपली तो माऊस टेबलभर घासतेय, उचलून आपटतेय, वर बाण जागचा हलत नाही. सगळी खोली कामात मान घालून बसलेली. शेवटी मी म्हटलं, "मेल्याला काय झालंय काय!" तशी भावजींनी खिशातनं गोळी काढून माझ्या टेबलावर गडगडत सोडली. हे गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते त्या गोळीपायी. हसता हसता रडायलाच आलं, पण आधी हसले.

मग ते चालूच झालं. एकदा त्यांनी पडद्याचंच चित्र काढून पडद्यावर लावलं, मी सकाळभर त्या चित्रावर बाण आपटत बसले आणि काही म्हणता काही उघडेना. एकदा मॉनिटरचं बटण फिरवून उजेड पार घालवला आणि म्हणाले, "वहिनी, जाळलासा तुमी!" माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण मीही काही कमी नव्हते. चपला दाराबाहेर काढायची पद्धत होतीच. मी त्यांची एका पायातली चप्पल रद्दीच्या खोलीत टाकून आले. बिचारे एका चपलेवर एसटी स्टँडपर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवशी नवीन जोड घालून आले. ती जुनी चप्पल मी दिवाळीला कागदात गुंडाळून त्यांना भेट दिली.

तर थट्टेवर माझा राग नाही, हे सांगायचंय. आजकालची पोरं विचारतात, ऑफिसात गंमत कुठपर्यंत करावी. माझं माप सोपं आहे. ज्याची थट्टा झाली तोही हसला पाहिजे. लगेच नाही तर दुपारच्या चहापर्यंत तरी. चपलेला भावजी हसले, गोळीला मी हसले.

त्या कॉम्प्युटरला थोडा वेळ हात लावला नाही की पडदा काळा व्हायचा आणि आतून चांदण्या अंगावर यायला लागायच्या. कळ दाबली की चांदण्या गेल्या, परत दुधाचे आकडे. मला त्या चांदण्या आवडायच्या. काम नसलं की मी हात मांडीवर ठेवून त्या बघत बसायची. हेही असेच बघत बसत असतील असं वाटायचं.

एका सोमवारी मी जतकडच्या डेअऱ्यांचे कागद लावत बसले होते. जतचे कागद म्हणजे डोक्याला ताप. धुळीनं माखलेले, त्यात कानडी आकडे. कॉम्प्युटरकडं माझी पाठ होती. वळून बघते तर चांदण्या नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी मोठी अक्षरं उजवीकडून डावीकडं सरकत होती. अक्षरं इंग्रजी, म्हणून मी एकेक जुळवत वाचली. वाक्य मराठी होतं.

चहा घेतला का.

ते डावीकडं जाऊन पुसलं गेलं. पडदा नुसता काळा राहिला. मग उजवीकडून पुन्हा निघालं. चहा घेतला का.

थट्टेचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला. पण आष्ट्याचे भावजी जत्रेच्या रजेवर होते, आणि दुसऱ्या कुणाला असलं काही येत नव्हतं. शेजारची खुर्ची रिकामी होती. एसीचा आवाज येत होता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, पण भीती म्हणाल तर वाटली नाही. मी म्हटलं, "घेतला." मोठ्यानं म्हटलं. वाक्य पुन्हा आलं, मी पुन्हा म्हटलं, "घेतला हो." मग बाहेरून कुणाची तरी चाहूल लागली म्हणून मी कळ दाबली आणि जतचे आकडे आले. त्या दिवशी मी कितीदा तरी काम थांबवून, हात मांडीवर ठेवून वाट बघितली. प्रत्येक वेळी ते आले. बघा, मी आत्ताही "ते आले" म्हणाले.

संध्याकाळी मी नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. साताऱ्याला आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या घरचा नंबर लावायचा, ती माणसं सासूबाईंना हाक मारायची, तोवर इकडं मीटर पळत राहायचं. सासूबाई आल्या, दम लागलेला. मी सांगून टाकलं. आज कॉम्प्युटरवर ह्यांचं वाक्य आलं, चहा घेतला का म्हणून विचारलं, माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "इचारलं? त्यानं इचारलं?" आणि फोन शेजारणीच्या हातात गेला.

दोनेक दिवसांनी आष्ट्याचे भावजी रजेवरून आले. कपाळाला गुलाल तसाच. चपला काढून आत येतायेताच तोंडभर हसून म्हणाले, "काय वहिनी, चहा घेतला का?"

मला क्षणभर काही कळलं नाही. मग सगळं कळलं. शनिवारी जाताना त्यांनी चांदण्या काढून तिथं ते वाक्य घातलं होतं. माझ्या हातात पेपरवेट होता. मी तो फेकला. त्यांना लागला नाही, मागच्या कपाटाला लागला. हेडक्लार्क धावत आले, "अहो वहिनी, गंमत केली हो पोरानं, दिरानं गंमत केली!" मी म्हटलं, "दिरानं दिराच्या आवाजात करावी गंमत! ह्यांच्या आवाजात कुणी करायला सांगितली?"

भावजींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. म्हणाले, "वहिनी, आईची आण, वाईट हेतू नव्हता. सकाळी आलो की त्यांचा आवाज ऐकू येत न्हाई, लय सुनं वाटतं. म्हटलं तुमालाबी बरं वाटंल." मला काही ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, "काढा ते." त्यांनी तिथल्या तिथं काढलं. चांदण्या परत आल्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. घरी येऊन उशीत तोंड घालून रडले. आणि खरं सांगू? ते वाक्य घातलं म्हणून जेवढी रडले त्याहून जास्त ते काढलं म्हणून रडले.

पण सासूबाईंना खरं सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर मी बूथवर गेले, वाक्य मनात तयार करूनच. आई, ती एका माणसानं केलेली थट्टा होती, बस्स. सासूबाई फोनवर आल्या. त्यांचा आवाज ऐकूनच मी गप्प झाले. किती महिन्यांनी त्यांचा आवाज जित्या माणसाचा वाटत होता.

"आगं, काल चहा केला मी," म्हणाल्या. "आलं घालून. पयला घोट घशातनं उतरंना, मग उतरला. त्येचा राग न्हाई गं माज्यावर. राग असता तर इचारलं असतं का त्यानं? पोरी, मी येतीया सांगलीला. मला बघायचंय."

मी काय बोलणार होते? तुम्हीच सांगा. मी म्हटलं, "या."

दुसऱ्या दिवशी मी भावजींसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "ते परत घाला." त्यांना आधी वाटलं मी टोमणा मारतेय. मग मी सगळं सांगितलं. चहा कुणी नाकारला, घाटावर काय झालं, सासूबाईंनी काय सोडलं, आता काय धरलंय. त्यांनी दोन्ही हात जोडले. "वहिनी, मला दुसरं कायबी सांगा. त्यांच्या आईसमोर हे न्हाई जमायचं मला. एकदा चुकलो."

"माझ्यासमोर जमलं ना?"

"तवा मला ठावं नव्हतं ओ."

"आता ठाऊक झालं ना? मग आता ठाऊक असून करा," मी म्हटलं. फार कठोर बोलले, पण तेव्हा मला त्यांची दया करायला सवड नव्हती.

ते खुर्ची ओढून माझ्या कॉम्प्युटरवर बसले. वाक्य लिहायची चौकोनी जागा उघडली. बोटं कळांवर ठेवून म्हणाले, "काय लिहू?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. काहीही लिहिता आलं असतं. आई, मी बरा आहे. आई, तुझी काही चूक नव्हती. एवढीशी ती जागा, त्यात लिहिलं असतं तर सासूबाईंचं उरलेलं आयुष्य सुटलं असतं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण हे असं कधी बोललेच नसते. ते माझं बोलणं झालं असतं आणि वर नाव ह्यांचं. मी म्हटलं, "तेच लिहा. होतं तेच." भावजींनी लिहिलं आणि उठून बाहेर गेले.

सासूबाई आल्या त्या सकाळच्या गाडीनं, कराडला बदलून. अंगावर ठेवणीतलं लुगडं. दाराबाहेर चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. पिशवीतून त्यांनी थर्मास काढला. दवाखान्यातला तोच, पेजेचा. त्यात साताऱ्याहून चहा करून आणला होता. भिंतीवर पाटी होती, खाद्यपदार्थ आत आणू नयेत. हेडक्लार्कनी पाटीकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

मी त्यांना ह्यांच्या खुर्चीत बसवलं. मेलेल्याच्या खुर्चीत बसू नये म्हणणारी बाई, निमूट बसली. त्यांनी अर्धा कप चहा ओतून पडद्यासमोर ठेवला. मोजून अर्धा. मी म्हटलं, "आई, आता कशाला हात लावायचा नाही. थोडं थांबायचं." सगळी खोली थांबली. कुणी कळ दाबेना, कुणी कागद वाजवेना. चहाची वाफ कमी कमी होत गेली. भावजी भिंतीला पाठ लावून उभे होते.

पडदा काळा झाला. अक्षरं निघाली. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वाचून दाखवलं, "चहा घेतला का."

"घेतला रं बाळा," त्या म्हणाल्या. "तुज्यासाटीबी आणलाय. घे." पदर तोंडाशी धरला. मग पुढं वाकून विचारलं, "पोटातलं दुकायचं थांबलं का रं?"

अक्षरं डावीकडं गेली. पडदा काळा. पुन्हा उजवीकडून निघाली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "चहा घेतला का."

"व्हय, घेतला. आरं पोटातलं थांबलं का तुज्या?"

चहा घेतला का.

"तितं एकलाच हाईस का कोन हाय संगं?"

चहा घेतला का. मला वाचवेना. तरी वाचत राहिले. सासूबाई हसल्या. कौतुकानं म्हणाल्या, "ऐकतच न्हाई. ल्हानपणापासनं असाच. आपलंच खरं." आणि हात लांब करून त्यांनी पडद्याला लावला, गालाला लावावा तसा. त्या जुन्या मॉनिटरच्या काचेवर हात ठेवला की चटचट वाजायचं, हातावरची लव उभी राहायची. सासूबाई ओरडल्या, "धरला! माजा हात धरला त्यानं!"

त्या गडबडीत त्यांच्या कोपराचा धक्का माऊसला लागला. अक्षरं गेली. पडद्यावर दुधाचे आकडे आले.

"ग्येला?" त्यांनी आधी पडद्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "मी हात लावला म्हणून ग्येला का गं?"

ते तोंड मी विसरू शकत नाही. हे गेले त्या सकाळी दवाखान्यात होतं, तेच तोंड. मी त्यांचे दोन्ही हात धरून मांडीवर ठेवले. "नाही आई. येतात परत. थांबा जरा." आणि आम्ही सगळे पुन्हा थांबलो. त्यांनी हात पदरात बांधून घेतले, चुकून उठू नयेत म्हणून. पुन्हा अक्षरं आली तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं बघत राहिल्या. आष्ट्याचे भावजी तेव्हा खोलीत नव्हते.

स्टँडवर एसटीत बसताना खिडकीतून माझा हात धरून म्हणाल्या, "आता खुर्ची सोडू नगंस. त्यो तितं हाय." मी मान हलवली.

त्या कार्यालयात पुन्हा कुणी कुणाची थट्टा केली नाही. आष्ट्याच्या भावजींनी स्वतः अर्ज देऊन जतला बदली मागून घेतली. जतला, जिथं प्यायचं पाणी टँकरनं यायचं आणि जिथं कुणी आपण होऊन जात नाही. जायच्या दिवशी मला म्हणाले, "वहिनी, ते काढून टाकू का जाताना?" मी म्हटलं, "राहू दे." मला वाटतं, मी हेच म्हणेन अशी त्यांना भीती होती. आता माझा त्यांच्यावर राग नाही. राग धरायला तरी कुणाची बाजू स्वच्छ होती?

दर आठवड्याला मी बूथवर जायची. सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हनला?" मी म्हणायची, "चहा घेतला का म्हणाले." मग त्या समाधानानं म्हणायच्या, "घेतला म्हनून सांग." जेवायला लागल्या होत्या, अंगानं भरल्या होत्या. माझ्या भावानं मधे एक स्थळ आणलं, बिजवर, चांगला माणूस होता. नोकरी सोडून पुण्याला जावं लागलं असतं. मी नाही म्हटलं. भावाला कारण काय सांगू? खुर्ची सोडवत नाही हे सांगायचं का? खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. कुठं क्लिक केलं की ते निघतं हेही मी तोवर शिकले होते. तरी दुपारी खोलीत कुणी नसलं आणि अक्षरं आली, की मी "घेतला" म्हणायचीच. न म्हणता उठून गेले तर दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं.

मग दोन हजार साल यायच्या आधी एकच गडबड उडाली. जुने कॉम्प्युटर तारखा चुकवणार म्हणे. संघानं नवे मागवले. पुण्याहून एक इंजिनिअर आला, माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या वायरी सोडवता सोडवता म्हणाला, "मॅडम, यातलं काही ठेवायचं आहे का? नंतर सगळं पुसलं जाईल."

मला पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हटलं होतं. मी पडद्याकडं बघितलं. नव्यावर ते वाक्य घालायला मला दोन मिनिटं लागली नसती. पण किती वर्षं? गप्प बसून, हात मांडीवर ठेवून, नवऱ्याच्या एकाच वाक्याची किती वर्षं वाट बघायची? मी दमले होते. मी म्हटलं, "नाही. काही नाही ठेवायचं."

त्या संध्याकाळी बूथमध्ये नंबर लावताना मला सासूबाईंचीच धास्ती होती. पुन्हा चहा सोडतील, पुन्हा जेवण सोडतील, ह्या वेळी टिकायच्या नाहीत. सासूबाई आल्या. "काय म्हनला?"

मी म्हटलं, "आई, आज काही म्हणाले नाहीत. कॉम्प्युटर बदलला. आता नाही येणार."

मीटर पळत होतं. शेजारच्यांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मी म्हटलं, "आई? आहात ना?"

"हाय की," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. "तितनं निगाला म्हंजी इकडंच यील. दुसरं कुटं जाणार त्यो? ठेव फोन, मी चहा टाकते."

मी हुश्श केलं. खरंच सांगते, त्या वेळी मला बरं वाटलं. चहा सुटला नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दिवाळीला मी साताऱ्याला गेले. दुपारी सासूबाईंनी आधण ठेवलं, आलं ठेचून घातलं. दोन कप ओतले. एक स्वतःपुढं ठेवला. दुसरा दाराच्या बाजूला पाटावर ठेवला, त्यावर बशी झाकली आणि दाराची कडी काढून ठेवली. मग भिंतीला टेकून आपला चहा घोट घोट प्याल्या, दाराकडं बघत. मी समोर बसले होते. मला त्यांनी चहाचं विचारलं नाही.